नांवांचें ऋण

मनुष्य मेल्यानंतर त्याच्या मागें काय उरतें, या प्रश्नाला तत्त्वज्ञांनीं नाना प्रकारचीं उत्तरें दिलीं आहेत. कोणी आत्मा म्हणतो, कोणी कीर्ति म्हणतो, कोणी कर्म म्हणतो. कांहींच उरत नाहीं असें सांगणारेहि आपल्याकडे प्राचीन काळापासून आहेत. परंतु व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर बहुतेक माणसांच्या मागें फार तर एक ओळ उरते. कोठल्या तरी वहींत, कोणा परक्या माणसाच्या हस्ताक्षरांत लिहिलेली ती ओळ असते: अमुक गांवचा अमुक, अमुक दिवशीं जन्मला, किंवा अमुक दिवशीं मेला. ज्यांच्या वांट्याला ही ओळहि आली नाहीं त्यांची तर गणतीच नाहीं. या ओळीशीं आपलें नातें काय, तिचें आपण कांहीं देणें लागतों काय, आणि लागत असल्यास तें फेडावें कसें, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि मराठवाड्यांतील कुणबी नोंदींचा शोध आरंभिला. त्याच वर्षाअखेर तो शोध सबंध राज्यांत पसरला. ठिकठिकाणच्या अभिलेखकक्षांतील रुमालांच्या गांठी सुटल्या. ज्या मोडी लिपीला आपण पेन्शनींत काढलें होतें ती वाचूं शकणाऱ्या माणसांची एकाएकीं विचारपूस होऊं लागली. आरक्षणाच्या प्रश्नावर वाचकांचें मत कांहींहि असो, एक गोष्ट या निमित्तानें सर्वांच्या ध्यानांत आली: शंभर वर्षांपूर्वीं कोणा लेखनिकानें घाईघाईनें ओढलेली एक ओळ आज जिवंत माणसाचें दैव ठरवूं शकते. अशा वेळीं त्या ओळीचें मोल करण्याची घाई होते, तिचा अर्थ समजून घेण्याची मात्र कोणाला सवड नसते.

नोंदी ठेवण्याच्या बाबतींत इंग्रजांचें उदाहरण नेहमीं पुढें केलें जातें, तेव्हां तेथून आरंभ करणें सोयीचें होईल. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉम्वेल यानें इ. स. १५३८ मध्यें आज्ञा काढली कीं, प्रत्येक पॅरिशच्या धर्मोपदेशकानें आपल्या हद्दींतील बाप्तिस्मे, विवाह व दफनें एका वहींत लिहून ठेवावीं, आणि ती वही दोन कुलपांच्या पेटींत सुरक्षित ठेवावी. १५९८ च्या सुमारास जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरून काढण्याचा व दरवर्षीं एक प्रत बिशपकडे धाडण्याचा नियम झाला. पुढें १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यु-नोंदणी सुरू होईपर्यंत, जवळजवळ तीनशें वर्षें, इंग्लंडच्या खेड्यांतील सामान्य माणसाचा इतिहास म्हणजे ह्या वह्या. लोकसंख्येच्या अभ्यासाचा पाया याच वह्यांवर रचला गेला; १८०१ मध्यें इंग्लंडची पहिली खानेसुमारी झाली तेव्हां मागच्या शतकांतील जन्ममृत्यूंचे आंकडे यांतूनच काढले. ग्रे कवीची १७५१ सालीं प्रसिद्ध झालेली खेड्यांतील स्मशानावरची विलापिका आमच्यापैकीं पुष्कळांनीं कॉलेजांत पाठ केली आहे. ज्या अप्रसिद्ध मृतांविषयीं तो कवि शोक करतो त्यांचीं नांवें शेजारच्या चर्चमधील पेटींत पडून असत, ही गोष्ट मात्र वर्गांत आम्हांस कोणी सांगितली नव्हती.

परंतु या वह्या जितक्या कौतुकानें उघडाव्या तितक्याच सावधपणें वाचाव्या लागतात. त्या ठेवणाऱ्यांच्या मनांत नातवा-पणतवांची सोय नव्हती. वारसा, विवाहाची ग्राह्यता, धर्माची शिस्त आणि पुढें करवसुली, हे त्यांचे हेतु होते. १७८३ सालीं प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसला आणि दरिद्री माणसाला त्यांतून सूट मिळाली. तेव्हां त्या अर्भकाच्या नांवापुढें दारिद्र्याची खूण वहींत कायमची उमटली. विवाहबाह्य संततीपुढें तिची अवहेलना करणारा शब्द लिहिला जाई. कोठें कोठें तर लॅटिनमध्यें ‘लोकांचा पुत्र’ अशा अर्थाचा शेरा मारलेला आढळतो. गांवांत येऊन मेलेल्या निनांवी वाटसरूची ‘कोणी परका’ एवढीच नोंद होई. कॅथॉलिक व इतर पंथांचे लोक या वह्यांपासून बहुधा दूर राहत, म्हणून ते तींत सांपडत नाहींत. सारांश, ती सर्वांची वही म्हणून ठेवली गेली, आणि तरीहि लिहिणाऱ्याच्या दृष्टीला जो जसा दिसला तसाच तींत उतरला.

आपल्याकडे याच्या तोडीचें कांहीं नाहीं असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः आपल्याकडे एक नव्हे, तीन प्रकारच्या वह्या आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या जगांतून आलेल्या आहेत.

पहिली वही तीर्थोपाध्यायाची. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया, हरिद्वार अशा क्षेत्रीं गेलेल्या यात्रेकरूला उपाध्याय गांव आणि आडनांव विचारतो, लांबट चोपडी उलगडतो, आणि त्याच्या पणज्याचें हस्ताक्षर त्याच्यापुढें धरतो. त्या क्षणीं भल्या भल्या नास्तिकांचाहि कंठ दाटून येतो. या वह्यांचा एक गुण असा कीं, तींत माणूस आपण होऊन नांव सांगतो. आणि कित्येकदां पत्नीचें व मातेचेंहि सांगतो. तिचा दोष उघड आहे. जो तीर्थयात्रेला गेला त्याचेंच नांव तींत आलें. वाटखर्चाला पैसा नसलेला, आणि ज्याचें पौरोहित्य करण्यास उपाध्याय तयार नव्हता असा, दोघेहि तिच्या बाहेर राहिले.

दुसरी वही घराण्याची. वतनाच्या तंट्यांत पुरावा म्हणून मांडलेल्या वंशावळी पेशवे दफ्तरापासून इनामांच्या कागदांपर्यंत सर्वत्र विखुरलेल्या आहेत. पुढें विसाव्या शतकांत सुशिक्षित घराण्यांनीं मोठ्या हौसेनें कुलवृत्तांत छापले. कोल्हापूर-बेळगांवकडे हेळवी नांवाचे लोक पिढ्यानपिढ्या कुळांच्या वंशावळी सांभाळत व सांगत गांवोगांव फिरत आले. त्यांच्याकडे तर शेतकऱ्यांच्या वंशावळीहि सांपडतात. या दुसऱ्या वहीविषयीं पुढें अधिक बोलावयाचें आहे.

तिसरी वही सर्वांत साधी, आणि माझ्या मतें सर्वांत बोलकी. ती समजण्यासाठीं एखादें खरें गांव डोळ्यांपुढें असावें. आमच्या वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यांत वडनेर नांवाचें गांव आहे. हिंगणघाटाहून पांढरकवड्याकडे जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर तें वसलें असून भोंवतीं कपाशीची काळी जमीन आहे. मोठ्या इतिहासाच्या पुस्तकांत अशा गांवांना जागा नसते. १८५३ च्या डिसेंबरांत नागपूरचा शेवटचा भोसले राजा निपुत्रिक वारला व पुढच्या वर्षीं राज्य खालसा झालें. १८६१ मध्यें मध्यप्रांत बनला, १८६२ मध्यें नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा वेगळा केला. त्यानंतरच्या बंदोबस्तांत मालगुजारांना गांवचे मालक ठरविण्यांत आलें, आणि ती मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजीं संपली. या सर्व घडामोडींचा अर्थ वडनेरसारख्या गांवीं एवढाच होता कीं, सारा कोणाच्या हातीं द्यावयाचा तें बदललें. परंतु या व्यवस्थेनें एक गोष्ट मागें ठेवली. पटवाऱ्यानें जमिनीच्या नोंदी ठेवाव्या, मुकादमानें गांवच्या कारभारावर लक्ष ठेवावें, आणि कोतवालानें गांवांतील जन्म व मृत्यु यांची खबर ठराविक दिवशीं पोलीस ठाण्यावर न्यावी, असा क्रम ठरला. ज्या पुस्तकांत ही खबर उतरली त्याला आमच्याकडचे लोक अजून ‘कोतवाल बुक’ म्हणतात.

ह्या पुस्तकाइतकें निर्विकार पुस्तक दुसरें नसेल. तारीख, बापाचें नांव, जात, मुलगा कीं मुलगी; मृत्यु असेल तर वय आणि रोग. मुलाचें बारसें होण्यापूर्वींच खबर ठाण्यावर पोंचत असे, म्हणून जन्माच्या नोंदींत बाळाचें नांव बहुधा नसतेंच. अमक्याला मुलगा झाला, तमक्याला मुलगी झाली, एवढेंच. आज आपल्या आज्याचा शोध घेणाऱ्याला त्या वहींत आजा सांपडतो तो निनांवी. पणज्याचा एक मुलगा म्हणून. मनुष्याला नांव मिळण्यापूर्वींच सरकारनें त्याची जात लिहून घेतली होती, ही गोष्ट आपल्या समाजाविषयीं एखाद्या ग्रंथाइतकी माहिती देते.

मृत्यूच्या रकान्यांत ‘ताप’ हा शब्द पुनःपुन्हा येतो. पटकी, देवी, प्लेग, हगवण असे मोजके रोग ओळखले जात. बाकीचे सारे मृत्यु तापाच्या खात्यावर जमा होत. १९१८ च्या शरद् ऋतूंत इन्फ्लुएंझाची दुसरी लाट आली तेव्हां हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं, आणि ज्या प्रांतांना तिचा फार मोठा तडाखा बसला त्यांत आमचा मध्यप्रांत होता. त्या महिन्यांतील पानें एकापाठोपाठ एक ‘ताप’ या एकाच शब्दानें भरलीं. इतिहासकार त्यावरून आंकडे काढतो. परंतु एकाच घरांतील तिघांची नोंद एकाखालीं एक वाचतांना आंकड्यांचा विसर पडतो, आणि मागें राहिलेल्या चौथ्याचें काय झालें असेल, हा विचार मनांत डोकावतो. त्याचें उत्तर वही देत नाहीं. कारण जगणाऱ्याची नोंद करण्यासाठीं ती नव्हतीच.

आणि ही वही ठाण्यावर नेत कोण होता? नागपूर-वर्ध्याकडील गांवांत कोतवाल बहुधा महार असे. ऊन-पाऊस न पाहतां तो गांवच्या प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची खबर काखेंत घेऊन मैल मैल चालत जाई. स्वतः त्याला अक्षर ओळखतां येत नसे; लिहिणारा दुसराच कोणी असे. म्हणजे गांवचा इतिहास ज्यानें वाहून नेला त्याला तो वाचतां आला नाहीं, आणि ज्यांच्या घरच्या मृत्यूची तो दखल घेई त्यांच्या घराचा उंबरठा त्याला ओलांडतां आला नाहीं. आज त्याच वहीच्या नकलेसाठीं गांवचा मालगुजाराचा पणतूहि खेटे घालतो. पूर्वजांचें ऋण म्हणून ज्याची आपण चर्चा करतों त्यांत या अनामिक वाटचाल्याचें ऋण कोणी मोजल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं.

आतां दुसऱ्या वहीकडे, म्हणजे घराण्याच्या वंशावळीकडे वळूं. पूर्वजांचा अभिमान ही मनुष्याची स्वाभाविक वृत्ति आहे, आणि मर्यादेंत असेल तर ती उपकारकहि आहे. आपण कोणाच्या तरी कष्टांवर उभे आहों ही जाणीव माणसाला नम्र करते. परंतु वंशावळ हातीं आली कीं नम्रता क्वचितच टिकते, आणि त्याचें एक कारण अंकगणिताचें अज्ञान हें आहे. मनुष्याला आईबाप दोन, आजेआज्या चार, पणजोबा-पणज्या आठ. या हिशेबानें दहाव्या पिढींत पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात, आणि पहिलीपासून दहावीपर्यंतची बेरीज २,०४६ भरते. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर ही दहावी पिढी पानिपतानंतरच्या पेशवाईंतील होय. आपली वंशावळ या २,०४६ पैकीं दहा नांवें सांगते. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. उरलेल्या २,०३६ जागांवर कोण होतें? त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या, आणि वंशावळींत त्यांचें चिन्हहि नाहीं. ज्या घरची मुलगी आपल्या घरीं आली त्या घराचा वंश, तिच्या आईच्या घराचा वंश, हे सर्व आपलेच पूर्वज होत. पण ते आपल्या कुलवृत्तांतांत नाहींत. एका ओढ्याचें नांव धरून सबंध नदीचा अभिमान मिरविण्यासारखा हा प्रकार आहे.

कोणी म्हणेल कीं, जातींतल्या जातींत व जवळच्या दहा गांवांतच सोयरिकी होत, तेव्हां या दोन हजार जागांवर तींच तींच माणसें फिरून फिरून येत असतील. हें खरें आहे. पण याचा अर्थ इतकाच कीं, गांवांतील ज्या घरांना आपण परकीं समजतों त्यांच्याशीं आपलें रक्त केव्हांच मिसळलें आहे. घराण्याची वही जितकी मागें न्यावी तितकी ती घराण्याची राहत नाहीं. ती मुलखाची होते.

स्त्रियांच्या बाबतींत कायदा हळूहळू जागा होत आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेंत मुलाच्या बरोबरीचा वांटा मिळाला. महाराष्ट्रांत १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नांवांत वडिलांच्या आधीं आईचें नांव लिहिण्याचा निर्णय झाला. एका नांवानें काय होतें, असें म्हणून कित्येकांनीं त्याची थट्टा केली. मला तसें वाटत नाहीं. शंभर वर्षांनीं जो कोणी ही वही उघडील त्याला निदान एका पिढीपासून पुढें दोन्ही ओढे दिसूं लागतील.

येथवर विचार सोपा होता. खरी अडचण आहे ती जातीच्या रकान्याची. जुन्या वहींतील जातीचें आपण काय करावें?

एक पक्ष म्हणतो, हा रकाना म्हणजे आपल्या समाजाची लाज आहे. जातिभेद मोडावयाचा तर जातीच्या नोंदी प्रथम पुसाव्या. डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र मंत्रिमंडळानें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय घेतला, आणि तो योग्यच होता. जिवंत माणसानें अपमानाच्या पत्त्यावर कां राहावें? परंतु वस्तीचें नांव आणि जुनी नोंद यांत फरक आहे. नांव उद्यां वापरावयाचें असतें, नोंद काल काय झालें तें सांगते. नोंद पुसली तर अन्याय पुसला जात नाहीं, त्याचा साक्षीदार तेवढा जातो. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच त्या साक्षीदाराची गरज अधिक असते, हें विसरतां कामा नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांबरोबर ज्या लाखों लोकांनीं बौद्ध धर्म स्वीकारला त्यांनीं जुन्या जातीचें नांव विचारपूर्वक टाकून दिलें. तरीहि त्यांच्या नातवाला सवलत हवी असेल तर आज्याच्या नोंदींतील तेंच टाकलेलें नांव त्याला शोधून आणावें लागतें. आजानें जें जोखड फेकलें त्याची पावती नातवानें जपून ठेवावी, ही दुःखाची गोष्ट आहे. पण ती पावती हरवली तर दुःख कमी होतें असें नाहीं.

दुसरा पक्ष म्हणतो, नोंद हेंच सत्य. जें लिहिलें तें प्रमाण, जें लिहिलें नाहीं तें खोटें. हा पक्ष कचेऱ्यांना प्रिय आहे, कारण त्यानें काम सोपें होतें. परंतु वर वर्णिलेली वही ज्यानें एकदां डोळसपणें वाचली त्याला हें मत कसें पटावें? लिहिणाऱ्याला ठाऊक असलेली, किंवा लिहावयास सोपी वाटलेली जात तींत उतरली आहे. एकाच बापाच्या दोन मुलांच्या नोंदींत जातीचे दोन शब्द आढळतात. एका शब्दाची किंमत किती असूं शकते याचें उदाहरण आम्हां विदर्भवासीयांना दूर शोधावयास नको. अनुसूचित जमातींच्या यादींत ‘गोंड-गोवारी’ असा शब्द आहे. गुरें राखणाऱ्या गोवारी समाजाचें म्हणणें असें कीं, तो शब्द म्हणजे आम्हीच. २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं हें गाऱ्हाणें घेऊन नागपुरास विधिमंडळावर आलेल्या मोर्चांत चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसें मरण पावलीं. त्यांत बायका-मुलें फार होतीं. २०१८ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें गोवारींच्या बाजूनें निकाल दिला; डिसेंबर २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. निकालाच्या बरेवाईटपणांत मी शिरत नाहीं. तो कायदेपंडितांचा विषय आहे. मला एवढेंच दिसतें कीं, दोन शब्दांमधील एका आडव्या रेघेचा अर्थ काय, या प्रश्नापायीं ११४ माणसें घरीं परतलीं नाहींत. लिहिणाऱ्यानें ती रेघ ओढतांना याची कल्पनाहि केली नसेल.

आणि जें लिहिलेंच गेलें नाहीं त्याचें काय? आमच्या कायद्यानें जातीच्या दाखल्यासाठीं कांहीं तारखा ठरविल्या आहेत: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेपूर्वीं आपलें घराणें कोठें होतें हें अर्जदारानें दाखवावें, आणि जातीची शाबिती करण्याचा भार २००१ च्या कायद्यानें त्याच्यावरच टाकला आहे. ज्या कुटुंबांत शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल यांपैकीं कांहीं ना कांहीं आहे त्याला हें जमतें. परंतु डोंगराच्या कडेला राहणारा कोलाम किंवा पालांतून फिरणारा भटका यांनीं काय दाखवावें? जमीन नव्हती म्हणून पटवाऱ्याच्या कागदांत नांव नाहीं. शाळेंत कोणी घातलें नाहीं म्हणून दाखला नाहीं. जन्म गांवकुसाबाहेर, वाटेंत कोठें तरी झाला म्हणून कोतवालानें खबर नेली नाहीं. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं कित्येक जमातींचीं नांवें पोलिसांच्या वहींत मात्र काळजीपूर्वक लिहिलीं गेलीं. तो कायदा १९५२ मध्यें रद्द झाला. गांवानें ज्याला माणूस म्हणून टिपलें नाहीं त्याला सरकारनें संशयित म्हणून टिपलें, आणि आज त्याच्या नातवाला आपण विचारतों, तुझ्या पूर्वजांचा पुरावा कोठें आहे?

माझ्या वर्गांतील अशाच एका मुलाची प्रवेशाची मुदत कागदावांचून टळून गेली. तो हुशार होता, आणि तक्रारहि न करतां निघून गेला. त्याच्या गैरहजेरीचें कारण हजेरीपटांत लिहिण्यास रकाना नव्हता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. पुरावा मागितला नाहीं तर खोटे दावेदार शिरतील, आणि ज्या गरिबासाठीं जागा राखली त्याचीच जागा ते घेतील. असे प्रकार घडले आहेत, आणि त्यांचा फटका खऱ्या आदिवासीलाच बसला आहे. म्हणून तपासणी नको असें कोणीहि समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. प्रश्न इतकाच आहे कीं, शोधण्याचे कष्ट कोणी घ्यावे. वही ठेवण्याचें काम सरकारचें होतें. ती जेथें ठेवली गेली नाहीं, वाळवीनें खाल्ली, किंवा रुमालांत बांधून विसरली गेली, तेथें दोष अर्जदाराच्या आजाचा नव्हता. २०२३ मध्यें सरकारनें आपण होऊन दफ्तरें धुंडाळलीं, हें चांगलें झालें. पण त्यावरून एवढें सिद्ध झालें कीं, मनांत आणलें तर सरकारला शोधतां येतें. मागणारे लाखों असले कीं सरकार दफ्तर शोधतें, आणि मागणारा एकटा कोलामाचा मुलगा असला कीं दफ्तर शोधण्याचें काम त्याचें, हा न्याय नव्हे. जें बहुसंख्येला दिलें तें एकट्यालाहि द्यावें. आणि शोधूनहि कागद सांपडला नाहीं तर शेजाऱ्यांची साक्ष, नातेसंबंध, राहणी यांवर प्रामाणिकपणें विश्वास ठेवण्याची तयारी ठेवावी. नोंदीचा अभाव हा त्या मनुष्याविरुद्ध पुरावा नसून आपल्याविरुद्ध पुरावा आहे, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

आतां आरंभीं उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे येतों. मृतांच्या नांवांचें आपण कांहीं देणें लागतों काय? आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य जन्मतःच ऋणी असतो असें मानलें व देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं. पितृऋण संततीनें फिटतें असें सांगून सामान्यतः विषय संपवितात. पण श्राद्धाच्या विधीकडे जरा बारकाईनें पाहिलें तर तेथें स्मृतीचा एक फार सूक्ष्म विचार आढळतो. श्राद्धांत बाप, आजा, पणजा अशा तीनच पिढ्यांचीं नांवें घेतात. त्यापलीकडचीं नांवें मनुष्याला आठवणार नाहींत हें शास्त्रानें गृहीतच धरलें आहे. ज्याला आपलें गोत्र ठाऊक नाहीं त्यानें काश्यप गोत्र उच्चारावें अशी मुभा आहे. ज्याची मृत्युतिथि माहीत नाहीं त्याच्यासाठीं भाद्रपद वद्य अमावास्येला सर्वपित्री आहे. आणि तर्पणाच्या शेवटीं, ज्यांना आई नाहीं, बाप नाहीं, भाऊबंद नाहीं, ज्यांना पाणी देणारें कोणीच उरलें नाहीं, अशांसाठीं एक ओंजळ सोडावी लागते.

विधीवर श्रद्धा असो वा नसो, या व्यवस्थेंतील शहाणपण घेण्यासारखें आहे. जुन्या काळीं या ओंजळींतहि सर्वांना स्थान नव्हतें हें मी जाणतों; तर्पणाचा अधिकारच कित्येकांना नाकारला होता. परंतु ज्यानें ही शेवटची ओंजळ सांगितली त्याच्या मनांत एवढें स्पष्ट होतें कीं, स्मृतीची वही कधींच पूर्ण नसते, आणि तिच्या बाहेर राहिलेल्यांचें देणें नाहींसें होत नाहीं. हेंच तत्त्व सरकारी दफ्तराला लावावयास कोणती हरकत आहे?

म्हणून या ऋणाची फेड माझ्या मतें अशी आहे. ज्या वह्या उरल्या आहेत त्या वाळवीपासून आणि ओलीपासून वांचवाव्या, त्यांच्या नकला करून त्या सर्वांना सारख्याच मोकळ्या ठेवाव्या. मोडी वाचतां येणारे तरुण तयार करावे. कॉलेजांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यानें एकेका गांवचें दफ्तर हातीं घेतलें तर दहा-पंधरा वर्षांत जिल्ह्याचा खरा इतिहास उभा राहील. वाचतांना कोणी लिहिलें, कशासाठीं लिहिलें आणि कोणाला वगळलें, हें विचारल्यावांचून एकहि ओळ प्रमाण मानूं नये. ज्यांच्या घरीं वंशावळी आहेत त्यांनीं त्यांत आपल्या आज्या-पणज्यांचीं माहेरचीं नांवें, म्हाताऱ्या माणसांना आठवतात तोंवर, लिहून घ्यावीं. हें काम आज करतां येतें, उद्यां करतां येणार नाहीं. आणि सध्यांच्या जन्ममृत्यूंची नोंद तरी एकाहि पालाची, एकाहि पाड्याची चुकूं देऊं नये. १९६९ च्या कायद्यानें ही नोंद सक्तीची केली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढच्या कित्येक गोष्टींसाठीं जन्मदाखला हाच मुख्य आधार ठरविला आहे. कागदाचें महत्त्व जितकें वाढतें तितकें कागदावांचून राहिलेल्याचें संकट वाढतें, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांइतकीच तो अमलांत आणणाऱ्यांनींहि लक्षांत घेतली पाहिजे.

वडनेरच्या रस्त्यावरून आज रात्रंदिवस मालगाड्या धांवतात. त्यांच्या चालकांना त्या गांवच्या जुन्या कोतवालाचें नांव ठाऊक असण्याचें कारण नाहीं, आणि खुद्द गांवकऱ्यांपैकींहि तें किती जणांना सांगतां येईल याची मला शंका आहे. परंतु गांवांतील ज्या कोणा मुलाला उद्यां आपल्या पणज्याची ओळ सांपडेल त्यानें ती नक्कल घडी करून खिशांत घालण्यापूर्वीं एवढें मनांत आणावें: ही ओळ कोणी तरी पायीं चालत नेली होती, आणि तिच्या खालच्या-वरच्या ओळींत जीं माणसें आहेत, व जीं कोणत्याच ओळींत नाहींत, तींहि आपलींच होत.